वेलीखालचे जोडपे, आरशासमोरचा चित्रकार

म्युनिकच्या आल्टे पिनाकोथेक या संग्रहालयात जवळजवळ पुरुषभर उंचीचे एक तैलचित्र आहे. फुललेल्या हनिसकलच्या वेलीखाली एक तरुण जोडपे बसले आहे. पुरुष थोडा उंचावर, पायावर पाय टाकून बसलेला, आणि स्त्री त्याच्या पायाशी, जमिनीलगत. तिच्या गळ्याभोवती जात्याच्या तळीएवढी रुंद, चुण्या घातलेली पांढरी झालर आहे, डोक्यावर उंच टोपी आहे आणि अंगावर भरजरी वस्त्रे आहेत. तिचा उजवा हात त्याच्या उजव्या हातावर टेकला आहे, पण तो इतका हलका की त्याचे वजन त्याला जाणवत असेल की नाही, असा प्रश्न पडावा. हा पुरुष म्हणजे चित्रकार पीटर पॉल रुबेन्स, वय ३२, आणि ती त्याची नवी नवरी इझाबेला ब्रांट, वय १८. त्यांचे लग्न ३ ऑक्टोबर १६०९ रोजी आजच्या बेल्जियममधील ॲन्टवर्प येथे झाले आणि हे चित्र त्यानंतर लवकरच रंगवले गेले.

हे चित्र पाहिल्यावर लग्नानंतर स्टुडिओत जाऊन काढून घेतलेल्या जोडफोटोची आठवण येते, आणि ती अगदीच अस्थानी नाही. मात्र फोटो काढणारा कोणी तिसरा असतो. इथे चित्र काढणारा आणि चित्रात बसलेला माणूस एकच आहे. बसण्याची पद्धत, कपडे, हातांची ठेवण, नजरेची दिशा, मागची वेल, यांतली प्रत्येक गोष्ट नवऱ्यानेच ठरवली आहे. त्यामुळे असे चित्र पाहताना दोन प्रश्न एकदमच विचारावे लागतात: हा माणूस आपल्या पत्नीकडे कसा पाहतो, आणि लोकांनी आपल्याकडे कसे पाहावे अशी त्याची इच्छा आहे? सतराव्या शतकातील चित्रकारांची स्वचित्रे आणि त्यांनी रंगवलेली पत्नीची चित्रे समजून घेताना हे दोन प्रश्न एकमेकांपासून सोडवून घेता येत नाहीत, असे मला वाटते.

प्रथम काळाविषयी थोडेसे. साधारण १६०० पासून पुढची दीडशे वर्षे युरोपात जी कलाशैली प्रभावी होती, तिला पुढच्या पिढ्यांनी ‘बरोक’ हे नाव दिले. ओबडधोबड मोत्यासाठी असलेल्या पोर्तुगीज शब्दावरून ते आले, असे सामान्यतः मानले जाते. जुन्या गोव्यातील बॉम जेझूची बॅसिलिका पाहिलेल्या वाचकांना या शैलीची स्थापत्यातली बाजू थोडीफार परिचित असेल. चित्रकलेत तिची खूण म्हणजे प्रकाश आणि अंधार यांचा तीव्र विरोध, घडत असलेला क्षण पकडण्याची ओढ, आणि पाहणाऱ्याला प्रसंगात खेचून घेण्याची धडपड. बरोक व्यक्तिचित्रातील माणूस नुसता बसलेला नसतो. तो नुकताच आपल्याकडे वळलेला असतो, बोलण्यासाठी त्याचे ओठ विलग झालेले असतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. त्या काळात ‘स्वचित्र’ असा स्वतंत्र शब्दच रूढ नव्हता. याद्यांमध्ये ‘अमक्याचे चित्र, त्यानेच काढलेले’ अशा प्रकारची नोंद होत असे. अंतर्मनाचा शोध घेण्यासाठी चित्रकार स्वतःचा चेहरा रंगवतो, ही आपली आजची कल्पना बरीच नंतरची आहे. त्या वेळची कारणे अधिक व्यवहारी होती. आरशातला चेहरा हे फुकट मिळणारे आणि कधीही न कंटाळणारे मॉडेल होते. शिवाय नामवंत चित्रकाराने काढलेले त्याचेच चित्र विकत घेणाऱ्याला एका किमतीत दोन गोष्टी मिळत असत: प्रसिद्ध माणसाचा चेहरा आणि त्याच्या हातचे कौशल्य. रुबेन्सने १६२३ मध्ये आपले चित्र इंग्लंडच्या युवराज चार्ल्ससाठी करून दिले, ते याच अपेक्षेतून. फ्लॉरेन्समध्ये कार्डिनल लिओपोल्दो द मेदिची यांनी तर चित्रकारांच्या स्वचित्रांचाच संग्रह जमवायला घेतला, आणि तो आजही उफ्फिझी संग्रहालयाचे भूषण आहे.

आता पुन्हा त्या वेलीखाली जाऊ, कारण तिथे पाहण्यासारखे पुष्कळ आहे. पती-पत्नीचे उजवे हात एकत्र असणे ही विवाहाची रोमन काळापासून चालत आलेली खूण आहे. झाडाखाली हातात हात घेऊन बसलेले दांपत्य हे चित्र ‘पत्नीनिष्ठा’ या अर्थाने सोळाव्या शतकातल्या प्रतीकसंग्रहांत छापलेले होते, आणि रुबेन्ससारख्या बहुश्रुत माणसाला ते नक्कीच ठाऊक होते. हनिसकलची वेल आधाराला घट्ट बिलगून वाढते, म्हणून ती टिकाऊ प्रेमाची खूण. जागांचा क्रमही ठरलेला आहे. आपल्याकडे पत्नीला वामांगी म्हणतात. युरोपातल्या जोडचित्रांतही पत्नीची जागा पतीच्या डाव्या बाजूला, म्हणजे पाहणाऱ्याच्या उजवीकडे असे, कारण उजवी बाजू मानाची समजली जाई. इझाबेला तिथेच आहे. ती खाली बसली आहे आणि तो वर, यातही त्या काळाचा नवरा-बायकोविषयीचा विचार सरळ दिसतो. तो आपल्याला रुचला नाही तरी नजरेआड करू नये.

मला या चित्रातली सर्वांत बोलकी वस्तू वाटते ती रुबेन्सची तलवार. त्याचा डावा हात तिच्या मुठीशी आहे. या चित्रात कुंचला नाही, रंगपाटी नाही, कॅनव्हास नाही. चित्रकाराने स्वतःचे चित्र काढले आणि त्यात आपल्या धंद्याची एकही खूण ठेवली नाही. याचे कारण चित्रकाराच्या सामाजिक दर्जात आहे. त्या काळच्या नेदरलँड्समधील (ॲन्टवर्पही त्यातलेच) बहुतेक शहरांत चित्रकार हे कारागिरांच्या संघाचे सभासद असत. सेंट ल्यूकच्या नावाने चालणाऱ्या या संघात इतर हस्तव्यवसायांतले लोकही असत. हाताने काम करून पैसे मिळवणारा माणूस प्रतिष्ठितांच्या पंक्तीत बसत नसे, आणि तलवार हे प्रतिष्ठितांचे लेणे होते. रुबेन्स त्या वेळी सरदार नव्हता. स्पेनच्या राजाने त्याला उमराव केले ते १६२४ मध्ये, आणि इंग्लंडच्या राजाने नाइट केले १६३० मध्ये. पण १६०९ मध्येच तो राजप्रतिनिधी अल्बर्ट आणि त्यांची पत्नी इझाबेला (ही दुसरी इझाबेला) यांचा दरबारी चित्रकार झाला होता, आणि त्याचे सासरे यान ब्रांट हे ॲन्टवर्प नगराचे सचिव व विद्वान गृहस्थ होते. म्हणून हे विवाहचित्र एका अर्थाने निवेदनही आहे: मी कोणत्या घरात लग्न केले आणि मला कोणत्या रांगेत मोजावे, हे तो रंगांत सांगतो आहे. पुढे स्पेनमध्ये चित्रकार व्हेलास्केथला सांतियागोच्या सरदारसंघात प्रवेश मिळवताना आपण चित्रकला पोटासाठी केली नाही, असे साक्षीपुराव्याने पटवून द्यावे लागले. हा प्रश्न किती खोलवर रुतलेला होता, ते यावरून कळते.

तरीही तो हलका हात शिल्लक राहतोच. प्रतिष्ठेचा सगळा हिशेब मांडून झाल्यावरही त्या स्पर्शातला संकोच हिशेबात बसत नाही, आणि म्हणूनच हे चित्र नुसत्या निवेदनावर थांबत नाही.

डच चित्रकार रेम्ब्रँटचा संसार याच्या अगदी उलट्या टोकाला आहे. लायडनच्या धान्य दळणाऱ्या गिरणीवाल्याचा हा मुलगा ॲमस्टरडॅमला हेन्ड्रिक व्हान ओयलेनबर्ख या कलाव्यापाऱ्याच्या कार्यशाळेत काम करू लागला, आणि तिथेच या व्यापाऱ्याची चुलतबहीण सास्किया त्याच्या आयुष्यात आली. तिचे वडील लेवार्डन शहराचे नगराध्यक्ष होते. ते आणि तिची आई दोघेही तोवर निवर्तले होते. बर्लिनच्या संग्रहात सास्कियाचे तळहाताहून थोडे मोठे एक रेखाचित्र आहे. रंगाचा लेप दिलेल्या चर्मपत्रावर चांदीच्या टोकदार काडीने ते काढले आहे. या माध्यमात रेघ एकदा उमटली की सहजासहजी पुसता येत नाही, त्यामुळे हात अत्यंत जपून चालवावा लागतो. सास्कियाने रुंद काठाची गवती टोपी घातली आहे, टोपीला फुले खोवली आहेत, एका हातावर गाल टेकला आहे आणि दुसऱ्या हातात एक फूल आहे. खाली रेम्ब्रँटच्या हस्ताक्षरात मजकूर आहे: हे माझ्या पत्नीचे चित्र, ती २१ वर्षांची असताना, आमच्या वाङ्‌निश्चयानंतर तिसऱ्या दिवशी, ८ जून १६३३ रोजी काढले. लग्न व्हायला अजून वर्ष होते; ते २२ जून १६३४ रोजी फ्रीझलंडमध्ये झाले. तरी तो ‘माझी पत्नी’ असेच लिहितो. विक्रीसाठी नसलेले, स्वतःपाशी ठेवायचे चित्र कसे असते, हे पाहायचे असेल तर या इवल्याशा चर्मपत्राकडे पाहावे.

यानंतर सुमारे १६३५ मध्ये रेम्ब्रँटने जे चित्र रंगवले, ते पाहून आजही अनेक जण गोंधळतात. ते ड्रेस्डेनला आहे. पिसे लावलेली टोपी आणि कमरेला तलवार अशा थाटातला रेम्ब्रँट दात दिसतील इतका मोकळा हसत उंच पेला आपल्याकडे उंचावतो आहे, आणि त्याच्या मांडीवर बसलेली सास्किया खांद्यावरून मान वळवून शांतपणे आपल्याकडे पाहते आहे. टेबलावर मोराच्या पिसांनी सजवलेला पदार्थ आहे. वरवर पाहता खुशालचेंडू नवदांपत्याचे हे चित्र वाटते. पण भिंतीवर गिऱ्हाइकाचा हिशेब मांडण्याची पाटी आहे, आणि क्ष-किरण तपासणीत असे दिसून आले की या दोघांच्या मध्ये आधी एक तंतुवाद्य वाजवणारी स्त्री रंगवलेली होती. म्हणजे हे मद्यालय आहे, आणि प्रसंग बायबलमधल्या उधळ्या पुत्राचा आहे. बापाकडून वाटणी घेऊन परदेशी जाणारा आणि वेश्यांच्या संगतीत ती उडवणारा तो मुलगा. रेम्ब्रँट त्या मुलाच्या भूमिकेत आहे आणि त्याची लग्नाची बायको मद्यालयातल्या स्त्रीच्या भूमिकेत. पत्नीची ठरलेली जागाही त्याने उलटवली आहे. सास्किया पाहणाऱ्याच्या डावीकडे आहे.

याचा अर्थ कसा लावायचा? त्या काळातल्या डच चित्रकारांना आपला चेहरा गोष्टीतल्या पात्राला देण्याची सवय होती, आणि पापी माणसाला स्वतःचा चेहरा देणे म्हणजे ‘मीही यातलाच’ असे कबूल करणे, हे धर्मनिष्ठ प्रेक्षकाला नीट समजत असे. रेम्ब्रँटने तरुणपणीच आरशासमोर उभे राहून डोळे विस्फारलेले, तोंड वासलेले, कपाळाला आठ्या घातलेले असे स्वतःचे चेहरे छोट्या छापचित्रांत कोरले होते. राग, भीती, आश्चर्य चेहऱ्यावर कसे उमटतात, ते कथाचित्रांसाठी शिकण्याचा तो रियाज होता. ड्रेस्डेनचे चित्र हे त्या रियाजाचेच मोठे रूप म्हणता येईल. पण त्याला एक वेगळीच किनार नंतर लागली. १६३८ मध्ये सास्कियाच्या काही नातेवाइकांनी तिने वडिलोपार्जित पैसा मिरवण्यात उधळला असा आरोप केला, आणि रेम्ब्रँटने त्यांच्यावर बदनामीचा दावा लावला. आम्हाला देवाने भरपूर दिले आहे, असे त्याचे म्हणणे होते. भिंतीवरच्या त्या पाटीकडे हे माहीत झाल्यावर पाहिले की मन जरा अस्वस्थ होते.

पुढची हकीकत दुःखाची आहे. सास्कियाची पहिली तीन मुले तान्ही असतानाच गेली. १६४१ मध्ये जन्मलेला टायटस तेवढा जगला. १४ जून १६४२ रोजी, वयाच्या २९ व्या वर्षी, सास्किया वारली. या काळात रेम्ब्रँटने तिची अंथरुणात पडलेली जी रेखाटने केली, त्यांत ना वेष आहे ना भूमिका. कासेल येथील तिचे मोठे चित्र, ज्यात ती लाल टोपी आणि भारी वस्त्रे घालून एका बाजूला तोंड करून उभी आहे, त्याने लग्नाच्या सुमारास सुरू केले आणि १६४२ च्या सुमारास पुरे केले. म्हणजे ते जवळजवळ तिच्या सबंध संसारभर त्याच्याकडे होते.

सास्कियाच्या मृत्युपत्रामुळे रेम्ब्रँटने दुसरे लग्न केल्यास तिच्या मालमत्तेचे उत्पन्न त्याच्या हातून जाणार होते. पुढे त्याच्या घरी राहिलेल्या हेन्ड्रिक्ये स्टोफेल्सला १६५४ मध्ये चर्चच्या मंडळाने त्याच्याशी अनैतिक संबंध ठेवल्याबद्दल दोषी ठरवले. तिची म्हणून जी चित्रे आज ओळखली जातात, त्यांवर तिचे नाव नाही. ओळख चेहऱ्याच्या साम्यावरून आणि त्या चित्रांतल्या जवळिकीवरून ठरवली गेली आहे. संग्रहालयातली पाटी वाचताना हे जरूर आठवावे. चर्मपत्रावरच्या सास्कियाची ओळख लेखी आहे, तशी हेन्ड्रिक्येची नाही.

स्त्री चित्रकारांपुढचा पेच निराळा होता. हार्लेमच्या युडिथ लेस्टरने सुमारे १६३० मध्ये रंगवलेले स्वचित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. खुर्चीच्या पाठीवर कोपर टेकून ती आपल्याकडे वळली आहे, ओठ किंचित उघडे आहेत, डाव्या हातात रंगपाटी आणि कुंचल्यांचा जुडगा आहे. अंगावरची लेसची मोठी कॉलर काम करताना कोणी घालणार नाही. ती मान सांगण्यासाठी आहे. तिच्यासमोर चित्र ठेवायच्या घोडीवरच्या कॅनव्हासवर हसणारा फिडलवादक आहे, पण त्याच्याखाली आधी एका स्त्रीचा चेहरा होता, असे अवरक्त तपासणीत आढळले. स्वतःचा चेहरा पुसून तिने आपल्या खपणाऱ्या चित्रप्रकाराचा नमुना तिथे ठेवला, असे यावरून वाटते. १६३६ मध्ये तिने यान मीन्से मोलेनार या चित्रकाराशी लग्न केले, आणि त्यानंतरची तिची फारच थोडी कामे आढळतात. मृत्यूनंतर तिचे नावही विसरले गेले. १८९३ मध्ये नामवंत डच चित्रकार फ्रान्स हाल्सचे म्हणून मानल्या गेलेल्या एका चित्रावर तिची आद्याक्षरे आणि तारा अशी खूण सापडली, तेव्हा कुठे ती परत आली. लेस्टर या आडनावाचा अर्थच मार्गदर्शक तारा असा आहे.

रोममध्ये जन्मलेल्या आर्तेमिसिया जेंटिलेस्कीने १६३८-३९ च्या सुमारास जे केले, ते एकाही पुरुष चित्रकाराला करता आले नसते. त्या काळच्या प्रतीककोशात ‘चित्रकला’ ही विस्कटलेल्या केसांची, गळ्यातल्या सोनसाखळीत मुखवटा अडकवलेली, रंग पालटणाऱ्या वस्त्रातली स्त्री म्हणून वर्णिलेली होती, आणि तिच्या तोंडावर पट्टी बांधावी असेही सांगितले होते, कारण चित्रकला मुकी असते. इटालियन भाषेत चित्रकला हा शब्द मराठीतल्याप्रमाणेच स्त्रीलिंगी आहे. पुरुष चित्रकाराला ही देवता आपल्या शेजारी किंवा कॅनव्हासवर दाखवावी लागे. आर्तेमिसियाने साखळी घातली, केस विस्कटले, बाही मागे सारली आणि स्वतःच ती झाली. तोंडावरची पट्टी मात्र तिने वगळली.

या सगळ्याच चित्रकारांसमोर एक तांत्रिक अडचण होती. आरशात डावे-उजवे बदलते, म्हणून उजव्या हाताने रंगवणारा माणूस आरशात डावखुरा दिसतो. लंडनच्या केनवुड हाऊसमध्ये रेम्ब्रँटचे, मागे दोन मोठी वर्तुळे असलेले उतारवयातले स्वचित्र आहे. त्याच्या क्ष-किरण तपासणीत दिसते की त्याने आधी हात आरशात दिसले तसेच रंगवले होते आणि मग ते बदलून रंगपाटी व कुंचले डाव्या हातात आणले. आज त्या चित्रात हात जवळजवळ नुसत्या फटकाऱ्यांतून सुचवलेले आहेत, आणि सगळी नजर चेहऱ्याकडे जाते.

शेवटी पुन्हा रुबेन्स. इझाबेला १६२६ च्या उन्हाळ्यात, वयाच्या ३४ व्या वर्षी वारली. आपण एक उत्तम सोबती गमावली, असे त्याने पॅरिसमधील एका मित्राला लिहिले. काळाने येणारे विस्मरण हाच या दुःखावर उपाय, पण जिच्यावर जन्मभर प्रेम करायचे तिच्या आठवणीपासून दुःख वेगळे कसे काढावे, हे कळत नाही, असेही त्याने कळवले. १६३० च्या डिसेंबरात त्याने १६ वर्षांच्या हेलेना फोरमेंटशी लग्न केले; तो तेव्हा ५३ वर्षांचा होता. वयातले हे अंतर आज आपल्याला बोचते, आणि बोचायलाच हवे. लोकांनी दरबारातली बायको कर असा आग्रह धरला होता, पण आपण कुंचला हाती घेतल्यावर जिला लाज वाटणार नाही अशी मध्यम घरातली मुलगी निवडली, असे त्याने १६३४ मधल्या एका पत्रात लिहिले आहे. तलवारीच्या मुठीवर हात ठेवून बसलेल्या नवरदेवाला हे सुचले नसते. हेलेनाचे, केवळ एक फरचा झगा अंगाभोवती ओढून घेतलेले जे चित्र व्हिएन्नात आहे, ते त्याने मृत्युपत्रात खास तिला दिले. न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या कुटुंबचित्रात तो तिच्या शेजारी उभा आहे, आणि वेलीखाली आपल्याकडे पाहणारा रुबेन्स इथे फक्त तिच्याकडे पाहतो.

ब्रिटिश म्युझियममध्ये एक कागद आहे. त्याच्या एका बाजूला काळ्या, तांबड्या आणि पांढऱ्या खडूने काढलेला इझाबेलाचा चेहरा आहे. सुमारे १६२१ चा, गालाला खळी पडलेला, हसू ओठांच्या कोपऱ्यात थांबलेले. रुबेन्सने तो तिच्या मृत्यूनंतरही जपून ठेवला होता. बऱ्याच वर्षांनी त्याला नव्या चित्राचा आराखडा करायचा होता, तेव्हा त्याने हाच कागद घेतला, उलटला, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर स्वतःला हेलेनासोबत रेखाटले.